क्लास दोन दिवस, घर पाच दिवस: कराटेचा घरचा सराव कसा लावावा

महापेहून आठला सुटून घोडबंदरला पोचेपर्यंत साडेनऊ होतात. अशा माणसाला कराटेचा क्लास आठवड्यातून दोनदा जमला तरी पुष्कळ झालं. पण त्या दोन दिवसांत सर जे दुरुस्त करतात ते पुढच्या क्लासपर्यंत अंगात राहत नाही. सहा महिन्यांनी वाटायला लागतं की आपल्यात काही फरकच पडत नाही. क्लासमध्ये चूक फक्त कळते. ती अंगातून काढण्याचं काम उरलेल्या पाच दिवसांत एकट्याने करायचं असतं, समोर आरसा नसताना आणि शाबासकी द्यायला कुणी नसताना. त्या पाच दिवसांची मांडणी इथे दिली आहे: रोज 20 मिनिटं, 2 मीटर बाय 2 मीटर जागा, आणि खालच्या मजल्यावर आवाज जाऊ द्यायचा नाही.

उदाहरणं शोतोकान शैलीची आहेत. तुमची शैली गोजू-र्यू किंवा शितो-र्यू असेल, किंवा तुम्ही तायक्वांदो करत असाल, तर पवित्र्यांची नावं आणि मापं बदलतील, सरावाची चौकट बदलणार नाही. इथलं आणि सरांचं सांगणं जुळलं नाही तर सरांचं ऐका. दोन पद्धतींची सरमिसळ नवशिक्याला सगळ्यात जास्त नडते.

जागा

वन बीएचकेच्या हॉलमध्ये सेंटर टेबल भिंतीला लावलं की पुरेशी जागा निघते. मध्यभागी उभं राहा, दोन्ही हात चारही दिशांना ताणून फिरवा, मग एक लाथ अगदी सावकाश समोर टाका. शोकेसची काच, टीव्ही किंवा दाराची चौकट वीतभराच्या आत येत असेल तर जागा बदला. रोजच्या ओळखीच्या खोलीतच पायाची करंगळी सोफ्याच्या पायाला आपटते, कारण तिथे आपण बेसावध असतो.

फरशी ही खरी अडचण. व्हिट्रिफाइड टाइलवर घामाचे चार थेंब पडले की पाय सटकतो. जवळ एक कोरडं सुती फडकं ठेवा आणि दर पाच मिनिटांनी तळवे आणि फरशी दोन्ही पुसा. मोजे घालून सराव कधीच करू नका. बरेच जण एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट आणतात. 1 मीटरच्या, 20 ते 25 मिलिमीटर जाडीच्या चार मॅट घेतल्या की जागा भरते. जोर-बैठकांना आणि बसायला त्या उत्तम. वळणं मात्र त्यांच्यावर करू नका. मऊ मॅटमध्ये तळवा रुततो, धड फिरतं, पाय फिरत नाही आणि मधल्या मध्ये गुडघा पिळला जातो. वळणं कोरड्या उघड्या फरशीवरच करायची.

गच्ची मिळाली तर चांगलंच. सेक्रेटरींना आधी विचारा आणि वेळ ठरवून घ्या. पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरतं तेव्हा तिकडे फिरकू नका, आणि एप्रिल-मेमध्ये सात वाजायच्या आत खाली या. रविवारी पूर्ण काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचालींची मालिका, करायला मोकळी जागा हवी असते, तेव्हा उपवन तलावाचा काठ, वाशीचा सागर विहार, खारघरचं सेंट्रल पार्क असं काहीतरी पहाटे गाठा. पेव्हर ब्लॉकवर बूट घाला आणि वळणं हळू घ्या. एकांत हवा म्हणून अंधारात येऊरला मात्र जाऊ नका. ते राष्ट्रीय उद्यानाचं रान आहे आणि तिथे बिबट्यांचा वावर आहे.

वेळ

पाणी भरायची, डब्यांची गडबड सुरू व्हायच्या आधीची 20 मिनिटं सगळ्यात खात्रीची. रात्री करायचं असेल तर जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. कोणतीही वेळ निवडा, पण रोज तीच ठेवा. आज सहा, उद्या नऊ असं केलं की रोज नव्याने ठरवावं लागतं, आणि दमलेलं मन कायम नाहीच ठरवतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ पुरतं. घरच्यांना सांगून ठेवा की या 20 मिनिटांत हाक मारू नका. आठवडाभर कुणाचा विश्वास बसत नाही, महिन्याभराने तेच लोक मुलांना गप्प करतात.

20 मिनिटांची वाटणी अशी: 2 मिनिटं बसणं, 5 मिनिटं अंग मोकळं करणं, 6 मिनिटं एकच तंत्र, 5 मिनिटं काता, शेवटची 2 मिनिटं पुन्हा बसणं आणि वही. ज्या दिवशी गाडी बंद पडते, घरी यायला अकरा वाजतात आणि अंग मोडलेलं असतं, त्या दिवशी फक्त बसा, रेई (वाकून नमस्कार) करा, उजव्या-डाव्या हाताचे दहा-दहा ठोसे मारा, पुन्हा रेई करून उठा. दोन मिनिटांत होतं. दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून 40 मिनिटं करू नका. कोपर आणि गुडघे दुखावतात ते बहुतेक अशा भरपाईच्याच दिवशी.

बसणं आणि उठणं

सरावाची सुरुवात सेइझामध्ये बसून होते. मराठी माणसाला हे नवीन नाही, वज्रासनच आहे. फरक आहे तो खाली जाण्याच्या आणि उठण्याच्या शिस्तीत. टाचा जोडून उभे राहा. आधी डावा गुडघा टेका, हात न लावता. मग उजवा. पायाचे अंगठे एकमेकांना टेकवा, दोन गुडघ्यांमध्ये दोन मुठींचं अंतर ठेवा, तळहात मांड्यांवर. हनुवटी किंचित आत. उठताना उलटा क्रम: आधी उजवा पाय पुढे, मग डावा.

हात न टेकता डावा गुडघा खाली नेणं पहिल्या आठवड्यात जमत नाही. शरीर शेवटच्या वीतभर अंतरात धप्पकन पडतं. तेवढ्याच वीतभरात मांडीला भार धरून ठेवायला शिकवायचं असतं. गुडघा फरशीला टेकल्याचा आवाज आला तर उठा आणि पुन्हा बसा. आवाज येईनासा व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि खालच्या मजल्यावरच्यांनाही तेच बरं पडतं.

मग मोकुसो. डोळे मिटा, नाकाने श्वास घ्या, सोडताना मनात एक म्हणा, पुढच्या सोडण्याला दोन, असं दहापर्यंत. मध्येच ऑफिसचा मेल आठवला आणि आकडा हरवला तर पुन्हा एकपासून. आकडा हरवला म्हणून चिडू नका. हरवल्याचं लक्षात येणं आणि परत येणं हाच इथला व्यायाम आहे. पोटऱ्या फार दाबल्या जात असतील तर मांडी आणि पोटरीच्या मध्ये टॉवेलची घडी ठेवा. गुडघ्याचं दुखणं जुनं असेल तर खुर्चीवर ताठ बसा, त्याने काही कमी होत नाही. पायाला मुंग्या आल्या असतील तर लगेच उभे राहू नका. बधिर पायावर वजन टाकलं की घोटा मुरगळतो.

शेवटी रेई: कमरेतून वाका, मान लटकू देऊ नका, क्षणभर थांबा, त्याच वेगाने वर या. तालमीत उतरताना माती कपाळाला लावतात, मल्लखांबावर चढण्याआधी त्याला हात लावून नमस्कार करतात, त्यातलाच हा प्रकार. घरी समोर कुणी नसतं म्हणून ही पायरी गाळली जाते. ती गाळली की पुढची 18 मिनिटं नुसता व्यायाम होतो.

अंग मोकळं करण्याबद्दल थोडक्यात: घोटे, गुडघे, कंबर, खांदे, मनगटं, मान, सगळं दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा फिरवा. त्यानंतर चार सूर्यनमस्कार सावकाश. थंड अंगाने पाय ताणून धरून बसू नका, ताण शेवटी द्या.

एका आठवड्याला एकच तंत्र

या 6 मिनिटांतच सगळ्यात जास्त गडबड होते. आठ तंत्रं दहा-दहा वेळा करण्याचा मोह होतो, कारण त्याने काहीतरी केल्यासारखं वाटतं. एक तंत्र निवडा आणि आठवडाभर तेच करा. शक्यतो ज्यासाठी सरांनी या आठवड्यात तुम्हाला टोकलं तेच. समजा ते ओई-झुकी, म्हणजे पाऊल टाकून मारायचा ठोसा.

आधी मूठ. चार बोटं मधल्या पेरांतून घट्ट दुमडा, मग तळव्यात वळवा, अंगठा बाहेरून तर्जनी आणि मधल्या बोटावर आडवा. अंगठा आत राहिला तर पहिल्याच फटक्याला तो मोडू शकतो. मार बसतो तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मोठ्या गाठींचा. तपासायला मूठ भिंतीला हळूच टेकवा: त्या दोनच गाठी टेकल्या पाहिजेत, आणि मनगट वरून बघितलं तर हाताच्या रेषेत सरळ दिसलं पाहिजे. करंगळीकडची गाठ टेकत असेल तर मनगट वाकलेलं आहे.

मग पवित्रा, झेनकुत्सु-दाची. दोन पावलांमध्ये आडवं अंतर खांद्यांइतकं, लांबी त्याच्या साधारण दुप्पट. पुढचा गुडघा अंगठ्याच्या वर, आत कललेला नको. मागचा पाय सरळ, टाच फरशीवर, बोटं शक्य तितकी पुढे. वजनाचा जास्त भाग पुढच्या पायावर, 60–40 असं धरा. नवशिक्याची दोन्ही पावलं एका रेषेत येतात, जणू दोरीवर चालतोय. मग कुणी खांद्याला बोट लावलं तरी तोल जातो. टाइलची रेघ इथे फार उपयोगी पडते: रेघ दोन पायांच्या मधोमध ठेवा आणि पाऊल टाकून झाल्यावर खाली बघा. एकही पाय रेघेवर आला नसला पाहिजे.

आता हालचाल. मागचा पाय फरशीला घासेल न घासेल असा पुढच्या पायाजवळून आत येतो, मग बाहेर जातो. डोकं एकाच उंचीवर राहिलं पाहिजे. पाय जवळ येताना शरीर वर उठतं, ही जवळजवळ प्रत्येकाची खोड. खिडकीच्या ग्रिलपासून कपाटाच्या मुठीपर्यंत डोक्याला जेमतेम लागेल अशी सुतळी बांधा. पवित्र्यात असताना ती केसांना टेकली पाहिजे आणि पाऊल टाकताना वर ढकलली जाता कामा नये. पाऊल पडत येईपर्यंत मूठ कमरेलाच. पाऊल टेकतं त्याच क्षणी ठोसा पोचतो, मूठ शेवटच्या चार बोटांच्या अंतरात उताणीची पालथी होते, आणि दुसरा हात तितक्याच जोराने कमरेवर मागे येतो. त्या मागे येणाऱ्या हाताला हिकिते म्हणतात. तो सैल पडला की ठोसाही सैल पडतो.

दोन चुका दुखापत करतात. खांदा वर उचलला जातो, आणि काही आठवड्यांत मानेजवळ गाठ बसल्यासारखं दुखायला लागतं. दुसरी, हवेत मारताना कोपर झटक्याने पूर्ण सरळ करणं. समोर अडवायला काही नसतं, त्यामुळे सगळा धक्का सांध्याला बसतो. कोपर किंचित वाकलेलं ठेवूनच थांबा. हे थांबणं शिकायला वर्तमानपत्राचं एक पान पुरतं. पान दोरीवर चिमट्याने छातीच्या उंचीवर टांगा आणि त्याला ठोसा मारा. पान फाटलं किंवा मागे उडालं तर तुम्ही थांबला नाहीत, नुसते पोचलात. पान जेमतेम थरथरलं आणि मूठ कागदाला टेकून स्थिर राहिली तर बरोबर. पंखा बंद ठेवायला विसरू नका.

एका बाजूला 30 वेळा पुरे. पहिले दहा इतके सावकाश की एका ठोशाला एक पूर्ण श्वास लागावा. पुढचे दहा मध्यम. शेवटचे दहा पूर्ण वेगात. तेविसाव्याला खांदा वर जायला लागला तर तिथेच थांबा. सात ठोसे राहिले याचं वाईट वाटून घेऊ नका, चुकीचे सात मारले असते तर तेच पक्के झाले असते. किआई, म्हणजे फटक्यासोबतची आरोळी, घरी आवाजाविना करायची: ओरडण्याऐवजी तोंड किंचित उघडून श्वास एकदम सोडा आणि त्याच क्षणी पोट घट्ट करा. पोटावर दुसऱ्या हाताची बोटं ठेवून बघा, ती बाहेर ढकलली गेली पाहिजेत. खोकला येत असेल तर जोर पोटाऐवजी घशातून लागतोय.

काता

सुरुवातीचा काता हेइआन शोदान. तो ज्या मालिकेतला ती मूळची पिनान मालिका ओकिनावाच्या इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेतल्या मुलांसाठी बसवली. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन 1922मध्ये कराटे घेऊन टोकियोला गेले, आणि पुढे त्यांनी तिला हेइआन हे नाव दिलं. मुलांसाठी बसवलेला असल्यामुळे तो छोटा आहे. शोतोकानच्या मोजणीत 21 हालचाली, किआई नवव्या आणि सतराव्या हालचालीला. वरून पाहिलं तर पावलांची आकृती आडव्या पडलेल्या एच अक्षरासारखी दिसते: दोन आडव्या रेषा आणि त्यांना जोडणारी मधली उभी रेघ.

पूर्ण काता करायला साधारण 5 मीटर बाय 5 मीटर जागा लागते, हॉलमध्ये ती नसते. म्हणून घरी तुकडे करा. 1 ते 5, 6 ते 9, 10 ते 13, 14 ते 17, 18 ते 21. रोज एकच तुकडा, आणि प्रत्येक पावलानंतर पाय ओढून मूळ जागी या. पहिले तीन दिवस फक्त पाय करा, हात कमरेवर ठेवून. हात आणि पाय एकदम शिकायला गेलं की लक्ष हाताकडे जातं आणि पाय मनाला येईल तिथे पडतात. चौथ्या दिवसापासून हात जोडा.

सगळ्यात जास्त तोल जातो तो दोन मोठ्या वळणांना, नवव्या आणि सतराव्या हालचालीनंतर, जिथे शरीर पाऊण वर्तुळ फिरतं. कारण बहुतेक वेळा एकच: डोकं उशिरा वळतं. आधी नजर नव्या दिशेला, मग पाय, मग कंबर, आणि हात शेवटी. हा क्रम तोंडाने म्हणत दहा वेळा वळा. आधारपायावरचं वजन सोडल्याशिवाय त्याच्यावर फिरू नका, गुडघ्याला ते सोसत नाही. टाचेवर वळायचं की चवड्यावर, ते तुमच्या सरांच्या पद्धतीने.

रविवारी गच्चीवर किंवा बागेत जाल तेव्हा खडूने उभ्या जागी फुली मारा आणि पूर्ण काता करा. काता जिथे सुरू झाला तिथेच संपला पाहिजे. फुलीच्या पुढे संपला तर 14 ते 17 ही परतीची पावलं आखूड पडली. तोवर दम लागलेला असतो आणि संपवायची घाई झालेली असते. फुलीच्या मागे संपला तर 6 ते 9 आखूड पडली, कारण आगे-उके (वरचा वार अडवणं) करताना लक्ष डोक्यावर जाणाऱ्या हाताकडे होतं. डावीकडे किंवा उजवीकडे सरकलात तर वळणं पूर्ण झाली नाहीत. सर नसताना चूक दाखवणारी याहून चांगली सोय नाही. फुलीपासून किती पावलं कुठे सरकलात ते मोजा आणि वहीत लिहा.

एकविसाव्या हालचालीनंतर काय करता तेही बघा. बहुतेक जण शेवटची शुतो-उके (तळहाताच्या कडेने वार अडवणं) झाली की लगेच सैल होतात, जाकीट खाली ओढतात, घाम पुसतात. तसं करू नका. त्याच पवित्र्यात, नजर समोर, तीन श्वास थांबा. मांडी थरथरू द्या, नाकावरचा घाम ओघळू द्या. मग सावकाश मूळ जागी या, रेई करा, त्यानंतर कपडे सावरा. या थांबण्याला झान्शिन म्हणतात. काम संपलं तरी लक्ष न सोडणं, असा त्याचा अर्थ. शांत शिस्त बाहेरून कशी दिसते असं कुणी विचारलं तर हे तीन श्वास दाखवावेत.

वही

दोनशे पानी साधी वही घ्या. अॅप नको, अॅप उघडायला फोन हातात घ्यावा लागतो. रोज एक ओळ: तारीख, तंत्र, आणि एकच चूक. "14 जुलै, ओई-झुकी, डावा खांदा वर." "15 जुलै, तेच, पंधराव्यानंतर." "19 जुलै, खांदा नाही, हिकिते सैल." छान झालं, मजा आली, कंटाळा आला असलं काही लिहू नका, त्याने पुढच्या दिवशी काय करायचं ते कळत नाही. क्लासला जाताना मागच्या आठवड्याच्या ओळी वाचा आणि सरांना एकच प्रश्न विचारा. पंधरा दिवस एकच चूक लिहिली जात असेल तर ती एकट्याने सुटणार नाही. सरांना दाखवा, ते कंबरेला एकदा हात लावून सरळ करतील.

चिडचिड, अहंकार आणि दुसऱ्याचा हात

मोठ्या वयात कराटे शिकायला येणाऱ्याला बऱ्याच क्लासमध्ये पंधरा-सोळा वर्षांची ब्लॅक बेल्ट मुलगी पवित्रा दुरुस्त करून देते. ऑफिसात ज्याच्या हाताखाली वीस माणसं असतात त्याला ते जड जातं. उपाय अगदी शारीरिक आहे: तिने सांगितलं की "हो ताई" म्हणा, आणि काही समजावून न सांगता तीनदा करून दाखवा. शंका असेल तर ती त्यानंतर विचारा. "माझा गुडघा दुखतो म्हणून मी तसं केलं" हे आधी म्हटलं की दुरुस्ती कानावरच पडत नाही. रेई तिला आणि सरांना सारखीच.

कुमितेत, म्हणजे जोडीच्या सरावात, कधीतरी समोरच्याचा ठोसा जोरात लागतोच. पुढच्या दोन सेकंदांत हात आपोआप परतफेड करायला जातो. म्हणून क्रम आधीच ठरवून ठेवा: एक पाऊल मागे, रेई, श्वास घ्या, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा, मग पुन्हा पवित्रा. हा क्रम घरी, राग नसताना रोज दोनदा करून ठेवा. राग आल्यावर नवीन काही शिकता येत नाही, अंगात असेल तेवढंच बाहेर येतं. घरी मूल मध्येच येऊन पायात घुटमळलं तरी हाच क्रम.

लोकलमध्ये पवित्रे घेऊ नका. पण ठाण्याहून वाशीला उभ्याने जाताना खांदे कानाकडे चढलेत का एवढं पाहता येतं. चढलेले असतातच. श्वास सोडत खाली आणा. ठोशात वर जाणारा खांदा दिवसभरही वरच असतो.

पट्टा, परीक्षा, आणि क्लास कसा पारखावा

पट्ट्यांची ही पद्धत मूळची कराटेची नाही. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी 1882मध्ये कोदोकान सुरू केलं आणि दानची, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या दर्जांची, श्रेणी तिथे आली. फुनाकोशींनी कराटेत पहिले ब्लॅक बेल्ट दिले ते 1924मध्ये. ब्लॅक बेल्टचा पहिला दर्जा शोदान, आणि त्या शब्दाचा अर्थच पहिली श्रेणी, म्हणजे सुरुवात. नियमित सरावाने तिथे पोचायला साधारण चार-पाच वर्षं लागतात. वर्षभरात ब्लॅक बेल्ट देतो म्हणणाऱ्या क्लासकडे वळू नका.

प्रवेश घेण्याआधी एक पूर्ण तास बाजूला बसून बघा. सर रेईला उलट रेई करतात का? तासाभरात प्रत्येकाच्या पायांकडे निदान एकदा तरी बघितलं जातं का? मुलांना शिक्षा म्हणून मारलं जातं का? प्रथमोपचाराची पेटी आहे का? परीक्षेची फी आणि युनिफॉर्मचा खर्च आधीच विचारून घ्या. शिकवणाऱ्याच्या भिंतीवरच्या ट्रॉफ्यांपेक्षा त्याच्या हाताखालच्या पांढऱ्या पट्ट्यांचे पवित्रे बघा, त्यातून जास्त कळतं.

पट्टा बांधतानाही लक्ष लागतं. मध्य बेंबीखाली दोन बोटं ठेवा, दोन्ही टोकं मागे नेऊन पुढे आणा, वरचं टोक दोन्ही थरांच्या खालून घालून वर काढा आणि गाठ मारा. बरोबर गाठीची टोकं डावी-उजवीकडे मिशीसारखी आडवी निघतात आणि सारख्या लांबीची असतात. एक टोक वर आणि एक खाली आलं तर गाठ उलटी पडली, ती पाच मिनिटांत सुटते.

पावसाळ्यातला युनिफॉर्म

इथल्या दमट हवेला 8 औंसाचा सुती गी (कराटेचा युनिफॉर्म) बरा. जाड कापडाचा आवाज चांगला येतो, पण जुलैत तो दोन दिवस वाळत नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून बाह्या आणि पाय दोन-तीन बोटं जास्त घ्या. शक्य असेल तर दोन गी ठेवा. क्लासहून आल्यावर ओला गी बॅगेत ठेवून झोपू नका. त्याच रात्री साध्या पाण्यातून काढा, पिळा, आणि पंख्याखाली हँगरला लावा. अर्धवट वाळलेला गी घातला की जांघेत आणि काखेत नायटा होतो, आणि जोडीच्या सरावात तो दुसऱ्यालाही लागतो. नायटा दिसला तर बरा होईपर्यंत जोडीचा सराव बंद ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, मेडिकलमधून मनाने मलम आणून लावू नका. नखं दर रविवारी कापा. फरशीवर उतरण्याआधी पाय धुवा आणि बोटांच्या बेचक्यांतलं पाणी पुसा. पट्टा धुवायचा असेल तर थंड पाण्यात, इतर कपड्यांपासून वेगळा, कारण रंग जातो. वाळल्यावर घडी घालून गीवर ठेवा आणि वहीही तिथेच ठेवा, म्हणजे पहाटे अंधारात शोधाशोध करावी लागत नाही.